जरा

पारावर पोथी लागली होती. सभापर्व.
लोटनबुवा चष्मा पुसत सांगत होते :
दोन राण्या, एक आंबा, अर्धा अर्धा खाल्ला,
म्हणून मूलही अर्धं अर्धं.
एक डोळा, एक हात, एक पाय.
दायांनी फडक्यात गुंडाळून चव्हाट्यावर टाकलं.
तिथं आली राक्षसीण, नाव जरा.

मागून कुणी ओरडलं, "बुवा, जरा मोठ्यानं!"
पार हसला.

मी उखर्डू.
माझ्याआधीचे तीन पाळण्यातच गेले.
मला आईनं सुपात घालून
उकिरड्यावर ठेवलं, केळीच्या वाळक्या पानांवर,
आणि झेलाबाईला निरोप धाडला.
तिनं उचललं. "हाई मन्हं," म्हणाली.
मग सव्वा शेर दादरीला
परत विकलं आईला.
ज्वारी ओतताना आईनं
पदराला पदर लागू दिला नाही.

कुणाची म्हैस आटली,
कुणाचा ताप उतरेना, की बोट तिच्याच दाराकडे.
डाकीण, म्हणायचे. हळू म्हणायचे.

बुवा पुढं वाचतात :
जरेनं तुकडे जोडले ते दयेनं नव्हे,
न्यायला सोपं जावं म्हणून.
खाणारच होती.
पण सांधा बसला. पोरानं मूठ तोंडात घातली
आणि असं गर्जलं की
तिला ते उचलवेना.

(ही ओळ बुवांनी घाईत उरकली.
मी तिथंच थांबलोय.)

राजानं तिचं नाव पोराला दिलं.
माझ्या नावात उकिरडा आला,
झेलाबाई नाही.
चोपड्याच्या बाजारात ती केरसुण्या विकायची.
नऊ वर्षांचा होतो. लांबून हाकारलं तिनं,
"मन्हा उखर्डू!"
मी आईच्या मागं लपलो.
तिनं पुढं केलेली बोरं
किती वेळ हातात धरली असतील,
माहीत नाही. मी बघितलंच नाही.

भीमानं त्याला उभा चिरला,
तुकडे उलटे फेकले.
तेव्हा सांधणारीला कुणी बोलावलं नाही.

आता माझेच सांधे बोलतात.
अनेरच्या पुलापर्यंत जाऊन परत येतो, तेवढंच.

काल नातीची पाचवी. सगळे निजल्यावर
गेरू कालवला, भिंतीवर एक बाई काढली.
हात जरा लांब झाले.
भोवती पोरं, जमतील तेवढी.
सून पाण्याला उठली.
"कोण हे, मामा?"
म्हटलं, जरा.

तिला वाटलं, थांब म्हणतोय.
ती थांबली.