भाग दोन

वादी कबीरला, गॅरेजच्या मागच्या खोलीत
पाच खाटा, एक एसी, एक टीव्ही
आणि मुहन्नदने देऊन टाकलेला गेमचा डबा.
मुहन्नद म्हणजे अरबाबचा धाकटा.
त्याच्याकडे नवं आलं की जुनं आमच्याकडे येतं:
बूट, फोन, खजुराचे अर्धे खोके.
या शुक्रवारी मात्र नवंच आलं.
भाग दोन. त्याला म्हणे दोन दिवसांत कंटाळा आला.

पहिला भाग आम्ही चार वर्षं खेळलो.
त्यातलं शहर मला खेडच्या बाजारपेठेपेक्षा पाठ आहे.
गोदीनंतरचं डावं वळण,
पुलाखालचा कुत्रा, जो कधीच गाडीखाली यायचा नाही,
आणि पहाट होता होता थांबून राहिलेलं आभाळ.

परकार रिकव्हरीचा ट्रक चालवतो.
अमरातच्या घाटात पोरं रात्री ज्या गाड्या उलटवतात
त्या तो सकाळी साखळीने ओढून आणतो.
दुसरा भाग त्याने अर्धा तास खेळला,
मग रिमोट उशीवर ठेवला.
"गाडीला वजनच नाय रे.
वळणावर पोटात काय होतच नाय."

बिजू म्हणाला, नकाशा चौपट केलाय,
चहाची टपरी एक नाही.
एवढ्या लांब जायचं ते कशाला?

धुमकला आवडला.
तो पेंटर, त्याने शर्यत लावलीच नाही.
नारिंगी गाडी उन्हात उभी करून
तिच्याभोवती कॅमेरा फिरवत बसला तासभर.
"दोन कोट, वर क्लिअर, आणि धुळीचा कण नाही.
मला असा बूथ द्या, मग बघा."

रफीकुलचं म्हणणं, पोलीस फार लवकर सोडून देतात.
हे त्याने म्हणावं!
पहिल्या भागात सायरन वाजला की
तो गाडी निमूट बाजूला घ्यायचा.
मागून येणाऱ्या पोलिसाला कळायचंच नाही
थांबलेल्या माणसाचं काय करायचं,
तो नुसता गोल गोल फिरत राहायचा.
आम्ही हसून हसून लोळायचो. रफीकुल हसायचा नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे.
खरं सांगायचं तर
मी पहिल्याच वळणावर भिंतीला घासलो,
दरवाजा आत गेला,
आणि दहा आकडे मोजेपर्यंत
आपोआप बाहेर आला.
डाग नाही, ओरखडा नाही.
जसं काही घडलंच नव्हतं.

पहिल्या भागात नकाशाच्या कडेला एक गॅरेज होतं.
शटर अर्धं वर, आत हातोडीवाला एक माणूस,
त्याला तोंड काढायला विसरले होते.
बॉनेट चेपलं की चेपलेलंच राहायचं
त्याच्यापर्यंत जाईस्तोवर.
कधी कधी शर्यत सोडून मी उगाच तिथे जायचो,
गाडी धड असली तरी.
तो ठोकत असायचा. तीन ठोके, थांबा, तीन ठोके.
आमच्यात असं कोणी ठोकत नाही,
पण मी कधी कोणाला सांगितलं नाही.

नव्या शहरभर शोधलं.
गॅरेज नाही.

शनिवारी, उजाडायच्या आत,
शटरवर हलकी थाप.
मुहन्नद. पांढरी गाडी, डावा फेंडर कागदासारखा मुडपलेला,
खाचेत घाटाची लाल माती.
त्याचा दिशदाशा मात्र स्वच्छ,
फक्त हात थरथरत होते.
बाबा आठला उठतात, म्हणाला.

मी फेंडरच्या आत हात घातला.
पत्रा अजून कोमट होता.
बाहेरून जिथे खड्डा दिसतो
तिथे आतून फुगवटा लागतो हाताला,
कुठून सुरुवात करायची ते तोच सांगतो.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग माझ्याच हिंदीत म्हणाला,
"नये वाले में अब तक हो जाता."

हो जाता, मी म्हटलं.
बत्ती जरा इकडे धर.