वारणेपार

हुकुमात माझं नाव नाही.
"बरोबर पायक एक" एवढंच. तो एक मी, हैबती.
त्याच्यावर: पेठ शुक्रवारची सटवी तेलीण,
दादल्यास धोतऱ्याचे बी घातले, कबूल जाली.
खून शाबीत. परंतु बायकोमाणूस,
स्त्रीहत्येचे पातक दौलतीस नको,
सबब मेहेरबान होऊन जीव राखिला.
वारणेपार करणे. शिधा, जोंधळे शेर दोन.

"मेहेरबान"वर शाई जरा जास्त पडली होती.
कारकुनानं वाळू टाकली, फुंकली,
ती वाळेपर्यंत आम्ही दोघं उभे.

पंचगंगा गुडघाभर. चैत्र.
जोतिबाच्या सासनकाठ्या समोरून येत होत्या
गुलालानं माखलेल्या.
लोकांना वाटलं, नवराबायकोच चाललेत.
एका म्हातारीनं सटवीच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवली,
"दोघं खावा," म्हणाली.
मी दोरी उपरण्याखाली घेतली.

ती बोलली ती थेट वडगावच्या माळावर.
"आमचा घाण्याचा बैल लई चालला असंल न्हवं?
काशीला दोनदा जाऊन आला असता.
छपराभाईर पाऊल न्हाई."
मग बराच वेळ नुसता फुफाटा.
मग, "सरळ चाललं की पायांना कसंतरीच हुतंय बघा.
वळायची सवय मोडंना."

रात्री देवळाच्या ओवरीत ती कुशीवर वळली
आणि दिव्यात तिची पाठ दिसली.
का केलंस, हे विचारायचं मी ठरवलं होतं.
दिवा विझवला.

घुणकीचा उतार. नावाडी म्हणाला,
उतराई कोण देणार?
कागद उलटा केला, सुलटा केला. उतराई नव्हती.
मेहेरबानी काठापर्यंतच आली होती.
मी कनवटीचा ढब्बू काढला.

पलीकडच्या चौकीत एक हवालदार, डोळे आलेला.
म्हटलं, बाई पोहोचली एवढं लिहून द्या.
तो डोळे पुशीत हसला.
"आम्ही काय बाया मोजून घेतो?
गेल्या पंधरवड्यात तुमच्याच दोन आल्या.
आणि ही आमची."
करंजाखाली एक बसली होती, केस उतरवलेली,
पोर विहिरीत टाकलं म्हणे.
"हिलाही आमच्या सरकारनं जीवदान दिलंय.
घेऊन जा जाताना. नाव रिकामी कशाला न्यायची?"

दोन्ही काठांना पातक नको होतं.

सटवी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.
काय बोलल्या, ऐकू आलं नाही.
जोंधळे तिच्या ओच्यात ओतले, माप न बघता,
खोबऱ्याची वाटी दाताखाली फोडून अर्धी दिली.
मग गाठोड्याच्या तळातून चामड्याची झापडं काढली,
बैलाची, आतून घामानं काळी गुळगुळीत.
माझ्यापुढं धरली.
"ही दावा. म्हणा, पोचली."
आणि चालू लागली. थोडी डावीकडं वळत,
मग थांबून, सावरून, पुन्हा.

परतीला ती दुसरी माझ्या मागं मागं.
तिचा कागद माझ्याकडं नव्हता,
म्हणून मी वळून पाहिलं नाही.
किणीपर्यंत पावलं ऐकू आली.
पुढं वारा सुटला होता.

दप्तरात कारकुनानं झापडं उलटीपालटी केली,
नाकाशी नेली, लांब धरली,
आणि लिहिलं: जमा, चामडी झापडे, जोडी एक.
किंमत नाही.
वर वाळू.

मी म्हटलं, उतराईचा ढब्बू मिळेल का, धनी?
त्यानं मान वर केली नाही.
"हुकुमात आहे का?"