शंभर ग्रॅम आणि एक

गुरुदास माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.
मी पाचवीत गेलो तेव्हा त्याला मागे टाकलं.
तेव्हापासून थोरला मी,
असं घरात कुणी बोललं नाही,
फक्त दुकानावर सुटे पैसे घेऊन
मला धाडू लागले.

सकाळी आठ-दहाची फेरीबोट, चोडणहून.
तो सगळ्यांत पुढे, साखळीपाशी,
निळा डबा छातीशी धरून.
रायबंदरचा धक्का जवळ आला की
हात वर करायचा, झपकन खाली आणायचा,
आणि लोखंडी फळी धाडकन पडायची.
तीस वर्षं त्याची खात्री आहे
की बोट तोच लावतो.

शाळा अठराव्या वर्षी संपली.
अठरानंतरचं आयुष्य कागदावर
एका ओळीत बसलं होतं:
पालकांच्या देखरेखीखाली.
आईनं ती ओळ दोनदा वाचली
आणि पुढच्या आठवड्यात आणखी चार आयांना घेऊन
मेरशीला कुणाच्या तरी गॅरेजात
आमसोलांची पोती उतरवली.
त्याचंच पुढे केंद्र झालं.
पाटी आली, ज्युडिथ टीचर आली, बसायला बाकं आली.
अनुदान कधी आलं,
कधी वाटेतच कुठेतरी उतरलं.

गुरुदासकडे वजन.
काटा शंभरावर थरथरून थांबला की
तो वरून एक सोल टाकायचा.
टीचर ओरडायची, तोटा जाता रे!
तो म्हणायचा, "एक देवाक."
कुठच्या देवाला, ते तिनं कधी विचारलं नाही.

यंदा तो शेहेचाळीसचा.
पाकिटं सत्तरची येऊ लागली, एकशे तीसची.
एकदा त्यानं स्वतःचा चष्मा तोलला
आणि पिशवीत भरला.
बांबोळीचे डॉक्टर म्हणाले,
ह्या मुलांना म्हातारपण लवकर गाठतं.
मुलांना, म्हणाले.
माझ्या शेजारी 'मूल' बसलं होतं,
कानावरचे केस पिकलेलं,
डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट
तळहातावर घेऊन वजन बघत.

केंद्राचा तक्ता दर मार्चला भरतात.
स्वतः जेवतो: होय.
शर्टाची बटणं: वरचं सोडून.
रस्ता: सोबत असल्यास.
शेवटी प्रगती.
त्या रकान्यात टीचर वर्षानुवर्षं लिहीत आली,
दहापर्यंत मोजतो. वीसपर्यंत.
आई गेल्याचं आपणहून सांगितलं.
रागावला तरी दार आपटत नाही.
यंदा पेन टेकवून ती नुसती बसली.
बाहेर कुणाची तरी व्हॅन उलटी येत होती,
तिचं पीं पीं थांबेपर्यंत बसली.
उतरणीला रकाना नसतो.
मग तिनं लिहिलं, आणि कागद न वळवताच
माझी सही मागितली.
मी उलटाच वाचला:
वरचं एक अजून टाकतो.

आता वजन रेश्मा करते.
ती घाईची. त्याच्यासाठी थांबत नाही.
तो सील झालेल्या पाकिटावर सोल ठेवतो,
ती ते उचलून पोत्यात टाकते,
तो ठेवतो,
ती टाकते.
चार वाजता दोघं एकमेकांवर रुसून
एकाच बाकावर चहा पितात.

परतीच्या बोटीत काल
तो पाण्याकडे बघत राहिला.
खारफुटी आली, चोडणचा धक्का आला,
हात डब्यावरून हलला नाही.
मी म्हटलं, गुरू.
खलाशी मिंगेल दांड्यावर हात ठेवून उभा,
त्याच्याकडे बघत.
मागे मासळीवाल्याच्या टेम्पोनं हॉर्न दिला,
मग दोन स्कूटरांनी.
मिंगेल ढिम्म.
मी मान खाली घातली.

मग गुरुदासनं कान खाजवला,
आणि हात खाली आणला.

मिंगेलला तेवढं पुरलं.
फळी पडली, जरा तिरकी.
टेम्पो शिव्या देत गेला.
गुरुदास माझ्याकडे वळून म्हणाला,
"लायली."