खळ

इगुआलादात सव्वीस वर्षं मी एकच काम केलं:
कातडं पातळ करणं.
ओलं, निळं, क्रोम प्यालेलं कातडं
पात्यांच्या रुळाखाली सरकवायचं,
अंगठ्यानं जाडी चाचपायची.
दीड मिलिमीटर म्हणजे दीड.

खाली भुसा पडायचा.
आभाळाच्या रंगाचा, असं कुणी म्हणालं तर हसेन मी;
आभाळाला असा वास येत नाही.
शुक्रवारी ट्रक, ट्रकमागून बिल.
फेकायचं त्याचंही भाडं भरायचं,
मग तो गावाबाहेरच्या खड्ड्यात जाऊन पडायचा,
धड कुजायचाही नाही.

कातडं कमावतात,
पैसे कमावतात तोच शब्द.
गमावलं त्याचा हिशेब मात्र
पोत्यांत.

मार्चमध्ये नेउस आली,
नदीच्या खालच्या अंगाला कापेयादेस आहे, तिथल्या कागद गिरणीतून,
दोन बादल्या आणि जबर सर्दी घेऊन.
म्हणाली, "नाक बंद आहे, म्हणून मलाच पाठवलं."
मी म्हटलं, न्या, हवा तेवढा न्या.
वाटलं, बाई बागेत टाकेल.

तिनं तो शिजवला.
मॅग्नेशिया घालून, मंद आचेवर, रात्रभर,
जनावराच्या पोटात असतं तसलं काही पाचक टाकून.
सकाळी तळाला हिरवट गाळ,
वर कोऱ्या चहासारखं पाणी.
गाळातला क्रोम आमच्याच पिंपांत परत येणार होता.
आणि पाणी?
"लगद्यात घालणार," ती म्हणाली.
"जाळीवर पाणी निथळताना बारीक चुरा निसटतो,
आनोयाला जाऊन मिळतो.
हे त्याला धरून ठेवेल."

पहिल्या दिवशी त्यानं काहीच धरलं नाही.
फेस आला.
टाकीवरून उतरून जिन्यावर, जिन्यावरून फोरमनच्या बुटांत.
दुसऱ्यांदा ताव नमद्याला चिकटला,
सोलून काढावा लागला.
तिसऱ्यांदा काय झालं ते तिनं सांगितलंच नाही,
फक्त आणखी चार पोती मागितली.

गिरणीत बोनावेंतुरा नावाचा म्हातारा आहे,
पेन्शन घेऊनही रोज येतो, यंत्रांना शिव्या द्यायला.
त्यानं बादलीत बोट बुडवलं, दोन बोटं चोळली, ओढली.
"खळ आहे ही," म्हणाला.
"यात नवं काय?
माझा बाप तुमच्याच गावातून खरवड आणायचा, गाढवावर.
उकळायचा, गाळायचा, एकेक ताव बुडवून वाळत घालायचा.
मग राळ आली, तुरटी आली,
तुम्ही ते निळं आणलंत,
आणि गाढव विकलं."

नेउस गप्प झाली.
मग तिनं वहीत लिहून घेतलं:
किती पाणी, किती वेळ, कुठल्या लाकडाचा जाळ.

खोटं कशाला सांगू,
आजही पाचातलं एकच पोतं तिच्याकडे जातं.
शुक्रवारी ट्रक येतो,
ड्रायव्हर घड्याळ बघत हॉर्न देतो.

पण निवृत्त झालो त्या आठवड्यात मी बूट घेतले,
आयुष्यात पहिल्यांदा महागडे.
खोक्याच्या बुडाशी गिरणीचा शिक्का होता.
दुकानातच खाली बसलो.
आत चामडं, बाहेर पुठ्ठा,
आणि पुठ्ठ्याच्या तंतूतंतूंत
कुणास ठाऊक कुठल्या गायीचं
मी खरवडून काढलेलं अंग.

उपकार फेडताना माणसं म्हणतात,
माझ्या कातड्याचे जोडे करून घालीन तुमच्या पायात.
म्हणतात नुसतं.
तिनं केले. वर खोकंही दिलं.
आणि माझे कसले उपकार होते तिच्यावर?

बूट कपाटात आहेत.
खोकं टेबलावर.
काल शाईचं पेन घेऊन झाकणावर आकडा लिहिला,
हाताला तेवढा एकच येतो:
१.५
शाई फुटली नाही.
कडा जिथल्या तिथे राहिल्या.