आडवी रेघ

खराडीत, रात्री पावणेतीनला
लॉगमध्ये एक नाव सापडलं
आडव्या रेघेनं सुरू होणारं.
सर्व्हरनं ते नाव म्हणून वाचलंच नाही,
हुकूम म्हणून पाळलं.

खाली गेटवर भिकोबा तापकीर.
त्यांच्या वहीत परवा कुणीतरी
नावाच्या रकान्यात लिहिलं होतं :
‘गेट उघडा’.
त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाले, “बरं, गेटउघडेसाहेब,
आडनाव कळलं. नाव?”

वर येऊन मी दोनच ओळी लिहिल्या.
पहिलं अक्षर रेघ असेल तर परत पाठव.
आणि नावाच्या आधी
नुसत्या दोन रेघा :
इथून पुढं सगळी नावंच,
कुणी कितीही दटावलं तरी.

कमिटच्या खाली
तापकीरांचं नाव घालावंसं वाटलं.
घातलं.
पहिलं अक्षर तपासून.