भरलेली बाटली

सासूबाईंना सांगितलं, सकाळची फेरीबोट चुकते.
एर्मेलिंद मावशीला सांगितलं, त्याची छाती जरा नाजूक आहे.
शाळेच्या अर्जावर लिहिलं, 'कौटुंबिक कारण',
आणि सवयीने वेलांट्या तपासल्या.
रात्री पणजीत एका दैनिकाची मुद्रितं वाचतो मी,
ऱ्हस्व-दीर्घ बोटांत बसलेत.

खरं कारण निळ्या रंगाचं होतं, अर्ध्या लिटरचं,
झाकणावर डॉल्फिन असलेलं.
जून, जुलै, ऑगस्ट,
दुर्वांकची बाटली सकाळी जशी भरून जायची
तशीच दुपारी भरून यायची.
रसिका बांबोळीहून ड्युटी संपवून आली
की ती कुंडीत ओतायची.
तीन महिने शेवंती त्याच्या वाटणीचं पाणी प्याली.

एकदा विचारलं, तुला तहान नाही लागत?
"लागता. पण प्यालों तर शूं येता."
आणि शू आली की हात वर करून
ते इंग्लिश वाक्य पुरतं म्हणावं लागतं.
"म्हजें मदींच तुटता."

सहा वर्षांचा मुलगा
एका वाक्याच्या भीतीने
साडेपाच तास तहान धरून बसत होता.
पुढे मी काही विचारलं नाही.

आता आमची शाळा बाल्कांवात भरते,
कधी नऊला, कधी मी उठेन तेव्हा.
पोदेराचा भोंगा वाजला की गणित:
तीन पोयी, दोन उंडे, पन्नासची नोट.
जुझे मुद्दाम सुटे जास्त देतो,
हिशेब मोडतो आणि दोघं हसतात.
भूगोलाला खाजनाच्या बांदावर.
मानसाची दारं कोण उघडतं?
पाणीच, मी म्हणतो. ओहोटीचं ढकलतं, भरतीचं लावून घेतं.
कोणाक विचारना?
नाही. कुणालाच नाही.
यावर तो इतका वेळ गप्प राहिला
की एक खंड्या येऊन, मासा घेऊन, गेलासुद्धा.

रोज असं होतं असं समजू नका.
मंगळवारी मी ओरडलो.
'बाळ'मधला ळ पुन्हा उलटा,
माझे डोळे चार पानांनी लाल,
हातातलं पेन तेही लाल.
तो टेबलाखाली गेला आणि तिथेच झोपला.
त्या दिवशी माझ्यात आणि शाळेत
फक्त फीचा फरक होता.

पावणेएकला व्हॅन फेरीतून उतरते.
तो फाटकाच्या दुसऱ्या गजावर चढून उभा असतो.
खिडकीतून साईश हात करतो.
कधी करतो, कधी विसरतो.
विसरला त्या दिवशी याचा भात ताटात तसाच.
रसिका विचारते, याचं काय करायचं?
माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही नाही.
आम्ही भांडी घासतो.

एर्मेलिंद मावशी आता छातीचं विचारत नाही.
"इस्कोलांत केन्ना धाडटलो?" एवढंच, कुंपणावरून.
आणि उत्तराआधीच त्याला
शिवणयंत्राशेजारी बसवून हातात टेप देते.
परवा तो सगळं घर मोजून आला.
बाबा, तुझें पोट छत्तीस.

दिवाळी होऊन गेली तरी
स्वतःच्याच घरात तो करंगळी वर करायचा.
सहा पावलांवर मोरी,
तरी माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा.
जा रे, इथे विचारायचं नसतं.
तरी करंगळी.

काल 'मासळी' लिहीत होता.
'मास' झालं,
पेन्सिल घरंगळली, खुर्ची सरकली,
आणि मागच्या दाराने तो गेला,
माझ्याकडे न बघता.
केळीच्या बुंध्यावर धार पडल्याचा आवाज.

वहीत नुसतं 'मास'.
बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी.
बाहेर त्याला काहीतरी सापडलं असावं,
बराच वेळ झाला, तो आला नाही.
मीही हाक मारली नाही.