आवाज बसवताना

दुलुथच्या टेकडीवर, आमच्या तळघरात
भट्टी सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं, हा नियम.
जानेवारीत ती दर अकरा मिनिटांनी सुरू व्हायची.
त्या अकरा-अकरा मिनिटांत गायलीय मार्नी,
कोटांच्या कपाटात उभी राहून,
तोंडासमोर मायक्रोफोन, पाठीशी
माझ्या सासऱ्याचा शिकारीचा जाड डगला,
जो कुठलाच आवाज परत पाठवत नाही.

आता मार्च सरत आला. सगळे आपापल्या घरी.
मी एकटा, आणि पडद्यावर एकोणीस पट्ट्या.
त्यातल्या आठ माझ्या गिटारच्या.
कुणी विचारलं तर सहा सांगतो.

पहिल्या रात्री मी तिचा आवाज चढवला.
मग गिटार बारीक वाटली, म्हणून गिटार चढवली.
मग पुन्हा तिला.
दोन वाजेपर्यंत सगळे दिवे लाल,
नवरा-बायकोच्या भांडणासारखं:
शब्द एक कळत नाही
आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं.

ट्रूडी कपड्यांची टोपली घेऊन खाली आली.
‘दुसऱ्या कडव्यात काय म्हणते ती?’
मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
दोनशे वेळा ऐकलेलं कडवं.
मला त्यात फक्त माझा हात कुठे वर सरकतो
एवढंच पाठ होतं.

मार्नीनं शब्द लिहिलेत
धान्याच्या कोठारातल्या पाळीपत्रकाच्या पाठीवर:
‘मी बोलायला लागले की
तू चहाला पाणी ठेवतोस.’
नवऱ्याबद्दल आहे, सोडलेल्या.
असणार.

तिची व्यंजनं राहतात अडीच हजार हर्ट्झच्या आसपास.
नेमका तिथेच माझ्या गिटारनं
डेरा टाकलेला, सहकुटुंब.
तेवढ्याच जागेतून तीन डेसिबल काढले.
एकटी ऐकली तर गिटार आता
सर्दी झाल्यासारखी वाटते.
एकटी तिला कोण ऐकणार आहे, असं स्वतःला बजावलं,
तरी दोनदा ऐकली.
मग एक डावीकडे लोटली, एक उजवीकडे,
दाराच्या फळ्या उघडाव्यात तशी,
आणि उरलेल्या सहांपैकी चार बंद केल्या.
त्यातली एक वाजवताना
माझं बोट तारेनं कापलं होतं.
ते कुणाला ऐकू येत नव्हतंच.

आवाज बसला असं म्हणतो आपण
तेव्हा घसा गेलेला असतो.
इथे उलटं. इथे तो बसावाच लागतो,
बाकड्यावर, दोघांच्या मधोमध,
आणि त्या दोघांनी
कुणी न सांगता अंग चोरून घ्यायचं असतं.
मला हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

पहाटे गाडीत जाऊन ऐकलं.
काचेवर बर्फ, डावा स्पीकर कधीचा मेलेला.
अर्ध्या गिटारी गायब,
आणि मार्नी, शब्द न् शब्द,
जणू शेजारच्या सीटवर बसून,
समोर बघत बोलतेय.
तिकडे उचलत्या पुलापाशी
हंगामातल्या पहिल्या जहाजानं भोंगा दिला,
आमच्या सुरापेक्षा अर्ध्या सुरानं खाली.
गाडी बंद करून आत जावं
असं बराच वेळ वाटलं नाही.

एक गोष्ट परत आणली.
शेवटच्या ओळीआधीचा तिचा श्वास
मी स्वच्छतेच्या भरात छाटून टाकला होता.
त्याच्यामागे, नीट कान दिला तर,
भट्टीची टिक् ऐकू येते.
अकरा मिनिटं संपलेली,
आणि ती थांबली नव्हती.

दुपारी तिला पाठवलं.
संध्याकाळी निरोप आला: ‘छान झालंय.
माझा आवाज जरा जास्तच पुढे वाटतोय का?
थोडा कमी कर ना.’

करतो, म्हणून कळवलं.
केला नाही.